उत्तर साठवावे की वाहू द्यावे? : डेटाबेसमधील ‘कर्सर’ या कल्पनेचा इतिहास

१

कोणत्याही मोठ्या संग्रहाला प्रश्न विचारला असता त्याचे उत्तर दोन रीतींनी मिळू शकते. एक तर संपूर्ण उत्तर सिद्ध होऊन एकदम हाती येते. किंवा उत्तरातील एकेक नोंद क्रमाने पुढे येते, तिचा उपयोग करून झाला की ती सोडून द्यावयाची आणि पुढची मागावयाची. ग्रंथपालाला एखाद्या विषयावरील सर्व ग्रंथ टेबलावर आणून ठेवावयास सांगणे आणि कपाटापाशी उभे राहून एकेक ग्रंथ काढून पाहणे यांत जो भेद आहे, तोच हा भेद होय. संगणकाच्या व्यवहारात पहिल्या रीतीला बफर केलेली क्वेरी आणि दुसरीला बफर न केलेली, म्हणजेच प्रवाही, क्वेरी असे म्हणतात. उत्तर शंभर ओळींचे असेल तर या भेदाला काहीच महत्त्व नाही. ते एक कोटी ओळींचे असेल, तर काम पार पडणार की अर्ध्यावर मोडणार हे पुष्कळदा या एकाच निवडीवर अवलंबून राहते.

भाषेच्या अभ्यासकालाही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. मराठी वाक्यांचा एक संग्रह डेटाबेसमध्ये ठेवलेला आहे, त्यात एक कोटी वाक्ये आहेत आणि प्रत्येक वाक्य सरासरी साठ चिन्हांचे आहे, असे समजू. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘आणि’ हा लहानसा शब्द आ, ण आणि वेलांटी अशा तीन चिन्हांचा म्हणून नऊ बाइटांचा होतो. साठांपैकी दहा जागा कोऱ्या धरल्या, आणि कोऱ्या जागेला एकच बाइट लागतो हे लक्षात घेतले, तरी एका वाक्याला १६० बाइट आणि संपूर्ण संग्रहाला १६० कोटी बाइट लागतात. याशिवाय आज्ञावली ज्या भाषेत लिहिली असेल ती भाषा प्रत्येक ओळीमागे स्वतःचा असा आणखी भार घालते, तो वेगळाच. अशा संग्रहातील सर्व वाक्ये मागणारी साधी क्वेरी संशोधक चालवतो. यंत्र काही काळ स्तब्ध राहते. आणि अखेर एकही वाक्य न दाखवता, स्मृती संपल्याचा निरोप देऊन आज्ञावली बंद पडते. यंत्र अपुरे आहे, अधिक स्मृती असलेले यंत्र हवे, असा निष्कर्ष मग काढला जातो.

हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नाही, परंतु तो वरवरचा आहे. याहून कितीतरी लहान स्मृतीच्या यंत्रांनी याहून मोठे संग्रह पार केल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. उलट, उत्तर साठवू नये, ते वाहू द्यावे, हा उपायही वाटतो तितका निरपवाद नाही. प्रस्तुत निबंधात या दोन रीतींचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते : साठवण नाहीशी करता येत नाही, ती फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सोपवता येते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर खरा प्रश्न ‘साठवावे की नाही’ हा नसून ‘साठवणीचा आणि थांबण्याचा भार कोणी वाहावयाचा’ हा आहे.

२

प्रवाही रीत ही अलीकडची युक्ती आहे अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तीच आधीची होय. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांचा उपयोग झाला. प्रत्येक व्यक्तीमागे एक छिद्रे पाडलेले कार्ड असे. कार्ड यंत्राच्या दाबपट्टीखाली ठेवले की जेथे छिद्र असेल तेथून सुई आरपार जाऊन विद्युन्मंडल पूर्ण होई आणि संबंधित तबकडीचा काटा एका अंकाने पुढे सरके. त्यानंतर ते कार्ड काढून दुसरे ठेवावयाचे. यंत्राजवळ कार्डाचे काहीही शिल्लक राहत नसे. शिल्लक राही ती केवळ मोजणी. कोट्यवधी माणसांची नोंद ज्या यंत्रातून गेली, त्याने एका वेळी एका माणसापेक्षा अधिक कोणालाही ‘आठवणीत’ ठेवले नाही.

चुंबकीय फितीच्या काळातही हीच शिस्त कायम राहिली. १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना विभागाला मिळालेल्या युनिव्हॅक यंत्राची मुख्य स्मृती एक हजार शब्दांची, प्रत्येक शब्द बारा चिन्हांचा, म्हणजे एकूण बारा हजार चिन्हांची होती. फितीवरील मजकूर यात मावणे शक्यच नव्हते. म्हणून मूळ नोंदींची एक फीत आणि बदलांची दुसरी फीत एकाच क्रमाने लावून घ्यावयाची, दोहोंतील एकेक नोंद वाचावयाची, त्यांची तुलना करावयाची आणि सुधारलेली नोंद तिसऱ्या फितीवर लिहावयाची, अशी पद्धत रूढ झाली. वरच्या उदाहरणातील एक कोटी वाक्यांचा संग्रह या पद्धतीने हाताळताना वेळ पुष्कळ लागला असता, परंतु स्मृती संपण्याचा प्रश्न उद्भवला नसता.

भाषाविषयक संगणनाचा आरंभही याच वातावरणात झाला. रोबेर्तो बुसा या जेझुइट विद्वानाने संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांची शब्दसूची करण्याचे कार्य १९४९ पासून आयबीएम कंपनीच्या साहाय्याने हाती घेतले. ते आधी कार्डांवर आणि पुढे फितींवर चालले आणि त्याचे ५६ खंड १९७४ ते १९८० या काळात प्रसिद्ध झाले. ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस व कुचेरा यांनी १९६१ मधील अमेरिकन मजकुरांचे सुमारे दोन हजार शब्दांचे ५०० उतारे घेऊन दहा लाख शब्दांचा संग्रह सिद्ध केला, तोही चुंबकीय फितीवरच वितरित होई. त्याच नमुन्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ मधील भारतीय इंग्रजी मजकुरांचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार केला. तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने ओळखला जातो. दहा लाख इंग्रजी शब्दांना सुमारे साठ लाख बाइट लागतात. ब्राउन संग्रह सिद्ध झाला त्या काळच्या विद्यापीठीय यंत्राच्या मुख्य स्मृतीत तो एकदम मावत नसे. म्हणून शब्दांची वारंवारता काढावयाची ती फीत पुढे सरकवीत, शब्द वेगळे करीत, त्यांची क्रमवारी लावीत आणि मग मोजीतच काढावी लागे.

या रीतीचे मोल कोणते होते, हेही येथे सांगितले पाहिजे. फीत ज्या क्रमाने लावलेली असेल त्याच क्रमाने ती उत्तर देते. शब्दांच्या वर्णानुक्रमाने लावलेल्या फितीला लेखकवार प्रश्न विचारावयाचा झाल्यास संपूर्ण फीत नव्याने लावावी लागे. स्मृतीची बचत होई, परंतु प्रश्नाचे स्वातंत्र्य नाहीसे होई.

३

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक या यंत्राबरोबर चुंबकीय तबकड्यांचा साठा बाजारात आणला. त्यात ५० तबकड्या होत्या आणि पन्नास लाख चिन्हे मावत. आता फितीप्रमाणे आरंभापासून शेवटापर्यंत जाण्याचे कारण उरले नाही. हव्या त्या नोंदीपाशी थेट जाणे शक्य झाले. या सोयीवर आधारलेली पहिली मोठी व्यवस्था जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाखमन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी उभी केली. तिच्यात नोंदी एकमेकींशी दुव्यांनी जोडलेल्या असत आणि आज्ञावलीकार एका नोंदीवरून दुसरीवर जाई. १९७३ साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना बाखमन यांनी आज्ञावलीकाराला नौकानयन करणाऱ्याची उपमा दिली, ती या दृष्टीने अन्वर्थक आहे. नाविकाला जसे आपले स्थान सतत ठाऊक असावे लागते, तसे या व्यवस्थेत ‘सध्याची नोंद कोणती’ याचे भान आज्ञावलीला अखंड ठेवावे लागे. संपूर्ण उत्तर अशी काही वस्तूच तेथे नव्हती. होता तो केवळ प्रवास.

या भूमिकेला छेद दिला तो एडगर कॉड यांनी. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असता जून १९७० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात माहितीचा विचार गणितातील संबंध या संकल्पनेच्या आधारे मांडला. सारणी म्हणजे ओळींचा संच. क्वेरी म्हणजे संचांवर केलेली क्रिया. आणि तिचे उत्तर म्हणजे पुन्हा एक संच. संचाला क्रम नसतो, ‘सध्याची ओळ’ नसते, आरंभ आणि शेवटही नसतो. काय हवे ते सांगावयाचे. ते कोणत्या मार्गाने मिळवावयाचे हे व्यवस्थेने ठरवावयाचे. फितीच्या काळी गमावलेले प्रश्नाचे स्वातंत्र्य कॉड यांनी अशा रीतीने परत मिळवून दिले. मात्र याच क्षणी आजचा प्रश्नही जन्माला आला. उत्तर हा एक अखंड संच आहे असे एकदा मानले, की तो संच कोठेतरी अखंड स्वरूपात असलाच पाहिजे, असा समज सहजच होतो.

४

कॉड यांची कल्पना प्रत्यक्षात उतरवण्यासाठी त्याच प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प सुरू झाला. १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल ही क्वेरीची भाषा मांडली. आजची एसक्यूएल ती हीच. परंतु व्यवहारातील आज्ञावल्या कोबॉल किंवा पीएल-वन यांसारख्या भाषांत लिहिल्या जात. त्या भाषांना एक नोंद ठाऊक होती, एक संख्या ठाऊक होती. किती ओळी आहेत हे आगाऊ ठाऊक नसलेला संच त्यांच्या व्याकरणात बसत नव्हता. एक भाषा संचाने बोलणारी आणि दुसरी एकेकाने बोलणारी, असा हा पेच होता. पुढे विद्युतशास्त्रातील संज्ञा उसनी घेऊन या विसंगतीला इम्पीडन्स मिसमॅच असे नाव पडले.

सिस्टिम आरच्या शिल्पकारांनी १९७६ च्या निबंधात जो मार्ग सांगितला, तो म्हणजे कर्सर. क्वेरीला एक नाव द्यावयाचे, ती उघडावयाची, एकेक ओळ मागावयाची आणि काम संपल्यावर ती बंद करावयाची. एसक्यूएलमध्ये रूढ झालेल्या डिक्लेअर, ओपन, फेच आणि क्लोज या चार आज्ञांचे हेच कार्य आहे. क्वेरी संचाच्या भाषेतच राहते, उत्तर मात्र ओळीओळीने येते.

या शब्दाची व्युत्पत्तीही उद्बोधक आहे. लॅटिनमध्ये धावणे या अर्थाच्या धातूपासून ‘कर्सर’ म्हणजे धावणारा, निरोप्या, हा शब्द होतो. इंग्रजीत तो मोजमापाच्या उपकरणावरील सरकणाऱ्या भागाला लागला. गणनपट्टीवरील रेघ असलेल्या सरकत्या काचेला अभियंते कर्सरच म्हणत. संपूर्ण पट्टी डोळ्यांसमोर असते, परंतु वाचन होते ते काच जेथे थांबली असेल त्या एका रेघेवरच. डेटाबेसमधील कर्सरला हे रूपक यथार्थपणे लागू पडते. फरक एवढाच की येथे पट्टी आधीपासून तयार असेलच असे नाही.

भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘पाखरे उडाली’ आणि ‘एकेक पाखरू उडाले’ ही दोन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. पहिल्यात समूहाचे ग्रहण आहे, दुसऱ्यात क्रमाचे. सोस्यूर यांनी भाषिक चिन्हाच्या रेषात्मकतेवर भर दिला तोही याच अर्थाने : आशय एकदम मनात असला तरी उच्चार एकामागून एकच होतो. कर्सर हे संचाच्या आशयाला दिलेले रेषात्मक उच्चारण आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच सुमारास बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात इंग्रेस ही दुसरी व्यवस्था उभी राहत होती. तेथे सी भाषेत क्वेरी गुंफण्याची वेगळी रीत होती : क्वेरीच्या मागोमाग आज्ञांचा एक गट लिहावयाचा आणि प्रत्येक ओळीसाठी तो गट एकदा चालावयाचा. १९८४ साली स्टोनब्रेकर आणि रो यांनी ‘पोर्टल’ ही संकल्पना मांडली. तिच्यात एका ओळीऐवजी ओळींचा एक तुकडा मागता येई. पडद्यावर काही ओळी पाहावयाच्या आणि पुढे सरकावयाचे, अशा उपयोगासाठी ती होती. बर्कलेतूनच निघालेल्या पोस्टग्रेस-क्यूएलच्या अंतर्रचनेत हे नाव आजही आहे.

५

आता कर्सरमागे व्यवस्थेच्या आत काय घडते ते पाहिले पाहिजे. गोएत्झ ग्रेफे यांनी १९९४ साली वर्णिलेल्या व्होल्केनो या व्यवस्थेमुळे जो नमुना सर्वत्र परिचित झाला, त्यात क्वेरीतील प्रत्येक क्रिया उघडणे, पुढची ओळ देणे आणि बंद करणे एवढ्या तीनच गोष्टी जाणते. वरची क्रिया खालच्या क्रियेकडे एक ओळ मागते. ती तिच्या खालच्या क्रियेकडे मागते. आणि मागणी सारणीपर्यंत पोचून एकच ओळ वर येते. ‘कर्म’ हा शब्द असलेली वाक्ये निवडा, असा प्रश्न असेल तर सारणीतील ओळ वाचली, शब्द आढळला, की ती तत्काळ बाहेर पडते. मध्ये कोठेही साठा होत नाही.

परंतु तीच वाक्ये वर्णानुक्रमाने हवी असतील तर चित्र पालटते. कोणतेही वाक्य पहिले आहे हे शेवटचे वाक्य पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून क्रमवारी लावणारी क्रिया पहिली ओळ देण्यापूर्वी सर्व ओळी स्वतःकडे घेते. त्या स्मृतीत मावल्या नाहीत तर तुकडे पाडून तबकडीवर ठेवते आणि शेवटी त्यांचे विलीनीकरण करते. ही फितींच्या काळातलीच पद्धत होय. क्लायंटने, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या आज्ञावलीने, कितीही काटेकोरपणे एकेक ओळ मागितली तरी सर्व्हरच्या आत संपूर्ण साठा झालेलाच असतो. त्या स्तंभावर योग्य निर्देशांक आधीपासून असेल तर क्रमवारीची ही क्रिया टळू शकते. पण मग क्रम लावण्याचे श्रम नोंद करतेवेळीच झालेले असतात. साठवण नाहीशी होत नाही, ती फक्त जागा किंवा काळ बदलते, याचे हे पहिले प्रत्यंतर.

पोस्टग्रेस-क्यूएलमधील एक तपशील या संदर्भात लक्षणीय आहे. कर्सर उघडला असता, उत्तराच्या दहा टक्केच ओळी प्रत्यक्षात मागितल्या जातील, असे ही व्यवस्था गृहीत धरते आणि पहिल्या ओळी लवकर देणारा मार्ग पसंत करते. हे प्रमाण बदलता येते. परंतु जो संशोधक कर्सरने सर्वच ओळी वाचणार आहे त्याला हे गृहीतक ठाऊक नसेल, तर एकंदर काम साध्या क्वेरीपेक्षा मंद का झाले, याचा उलगडा त्याला होत नाही.

६

व्यवस्था एका यंत्रावर आणि आज्ञावली दुसऱ्यावर, दोहोंमध्ये जाळे, ही रचना रूढ झाल्यावर प्रश्नाने आजचे रूप घेतले. दोन यंत्रांमध्ये एक मध्यस्थ ग्रंथिका आली. सर्व्हरकडून आलेल्या ओळी घेणे आणि आज्ञावलीला देणे हे तिचे काम. व्यवस्थेच्या आत कितीही प्रवाहीपणा असला तरी ही ग्रंथिका सर्व ओळी स्वतःकडे जमवून मगच आज्ञावलीला हाक देत असेल, तर तो प्रवाहीपणा व्यर्थ होतो. वरच्या उदाहरणातील संशोधकाची आज्ञावली नेमकी येथेच कोसळते.

१९९५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मायएसक्यूएलने ही निवड उघडपणे आज्ञावलीकाराच्या हाती दिली. तिच्या सी भाषेच्या ग्रंथिकेत ‘स्टोअर रिझल्ट’ आणि ‘यूज रिझल्ट’ अशी दोन फलने आहेत : पहिले संपूर्ण उत्तर क्लायंटच्या स्मृतीत साठवते, दुसरे ते येईल तसे वापरू देते. पीएचपी या भाषेने पहिली रीत स्वाभाविक मानली आणि दुसरी मागून घ्यावी लागेल अशी ठेवली. पोस्टग्रेस-क्यूएलच्या ग्रंथिकेचीही मूळ रीत सर्व उत्तर जमवण्याचीच. एकेक ओळ देण्याची सोय तिच्यात २०१२ साली आणि ओळींचे तुकडे देण्याची सोय २०२४ साली आली. जावा भाषेत एका वेळी किती ओळी आणाव्यात हे सांगण्याची तरतूद आहे. परंतु मायएसक्यूएलच्या जावा जोडणीत एकेक ओळ वाहती हवी असल्यास ती संख्या उणे २१४७४८३६४८ अशी सांगावी लागते. ही त्या भाषेतील ‘इंट’ या पूर्णांक-प्रकारातील सर्वांत लहान संख्या होय. तिला ओळींची संख्या म्हणून काही अर्थ नाही. ती केवळ एक सांकेतिक खूण आहे. मूळ रचनेत ज्या कल्पनेला जागा नसते ती पुढे अशा आडवाटेने आत येते.

एवढ्या ग्रंथिकांनी साठवणीची रीतच स्वाभाविक का मानली, याचा विचार केला पाहिजे. तो केवळ आळस नव्हे. संपूर्ण उत्तर हाती असले म्हणजे ओळी किती आहेत हे प्रथमच कळते. मागे-पुढे जाता येते. जोडणी मोकळी होऊन तिच्यावर दुसरी क्वेरी चालवता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काही दोष उद्भवला तर तो एकही ओळ वापरण्यापूर्वी कळतो. प्रवाही रीतीत हजारो ओळी वापरून झाल्यावर मध्येच जोडणी तुटू शकते किंवा क्वेरी रद्द होऊ शकते. तोवर अर्धी वारंवारता मोजली गेलेली असते आणि ती अर्धी आहे हे आज्ञावलीने तपासले नाही तर ती पूर्ण म्हणूनच कोष्टकात जाते. स्मृती संपल्याने पडलेली आज्ञावली निदान आपले अपयश सांगते. अर्धवट प्रवाह कित्येकदा तेही सांगत नाही.

७

प्रवाही रीतीचे दुसरे मोल सर्व्हरला द्यावे लागते. क्लायंटने ओळी उचलल्या नाहीत तर जाळ्यातील वाट भरते आणि सर्व्हर थांबतो. समजा, प्रत्येक वाक्याच्या व्याकरणिक विश्लेषणाला एक शतांश सेकंद लागतो. एक कोटी वाक्यांना एक लाख सेकंद, म्हणजे सत्तावीस तासांहून अधिक काळ लागेल. तेवढा वेळ ती क्वेरी सर्व्हरवर उघडी राहते. मायएसक्यूएलच्या मायआयसॅम या जुन्या साठवण-यंत्रणेत अशी वाचली जाणारी सारणी कुलूपबंद राही आणि इतरांना तीत लेखन करता येत नसे. म्हणूनच ‘यूज रिझल्ट’ वापरताना प्रत्येक ओळीवर दीर्घ काम करू नये, असा इशारा त्या व्यवस्थेच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आहे.

ज्या व्यवस्थांत वाचन व लेखन एकमेकांना अडवीत नाहीत, तेथे हा भार वेगळ्या रूपाने येतो. क्वेरी सुरू झाली त्या क्षणीचे चित्र वाचकाला अखेरपर्यंत दिसावे म्हणून ओळींच्या जुन्या आवृत्त्या राखून ठेवाव्या लागतात. पोस्टग्रेस-क्यूएलमध्ये दीर्घकाळ उघड्या राहिलेल्या व्यवहारामुळे टाकाऊ आवृत्त्यांची सफाई खोळंबते आणि सारण्या फुगत जातात. ओरॅकलमध्ये जुन्या आवृत्तीसाठी राखलेली जागा पुन्हा वापरली गेली तर ‘चित्र फार जुने झाले’ या अर्थाचा ०१५५५ क्रमांकाचा दोष येऊन क्वेरीच मोडते. व्यवहार संपल्यावरही टिकणारा कर्सर हवा असल्यास पोस्टग्रेस-क्यूएल तो देते. पण व्यवहार संपताना उरलेल्या सर्व ओळी सर्व्हरवर तात्पुरत्या साठ्यात उतरवून ठेवते. क्लायंटने नाकारलेली साठवण अशा रीतीने सर्व्हरच्या दारी येते.

यावर मध्यममार्ग म्हणून ओळी तुकड्यांनी आणण्याची पद्धत रूढ झाली. तुकड्याचा आकार ही क्षुल्लक बाब नव्हे. ओरॅकलच्या जावा जोडणीत तो मुळात दहा ओळींचा असतो. एक कोटी ओळींना दहांच्या हिशेबाने दहा लाख फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला एक सहस्रांश सेकंद धरला तर केवळ ये-जा करण्यातच एक हजार सेकंद जातात. तुकडा एक हजार ओळींचा केला तर फेऱ्या दहा हजार होतात आणि हाच वेळ दहा सेकंदांवर येतो. क्लायंटच्या स्मृतीत मात्र एका वेळी हजारच ओळी असतात. हेच तत्त्व व्यवस्थेच्या आतही उपयोगी पडले. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत बाँक्झ, झुकोव्स्की आणि नेस यांनी २००५ साली दाखवून दिले की एकेक ओळ मागत जाण्यापेक्षा सुमारे हजार मूल्यांचे गट एका वेळी हाताळले, तर आधुनिक प्रक्रियकाचे बळ अधिक चांगले उपयोगात येते. शुद्ध ‘एकेक’ आणि शुद्ध ‘सर्व’ यांच्या मधली ही जागा व्यवहाराला सर्वाधिक मानवली.

एकच मोठी क्वेरी उघडी न ठेवता अनेक लहान क्वेऱ्या करणे, हाही एक मार्ग आहे. शेवटच्या पाहिलेल्या ओळीचा क्रमांक लक्षात ठेवून ‘याच्या पुढच्या हजार ओळी द्या’ असे विचारावयाचे. त्यामुळे ना क्लायंटवर भार राहतो, ना सर्व्हरवर क्वेरी उघडी राहते. परंतु प्रत्येक लहान क्वेरीला त्या त्या क्षणीचा संग्रह दिसतो. मध्यंतरी कोणी वाक्ये घातली, बदलली किंवा काढली, तर सर्व तुकडे मिळून जे उत्तर होते ते कोणत्याच एका क्षणीच्या संग्रहाचे नसते. पूर्ण झालेल्या, न बदलणाऱ्या संग्रहाला ही रीत निर्धोक आहे. दररोज वाढणाऱ्या संग्रहाला ती तशी नाही. येथे भार पडतो तो उत्तराच्या एकवाक्यतेवर.

८

हा सर्व इतिहास एकत्र पाहिला म्हणजे उत्तर साठवणे मागासलेपणाचे आणि वाहू देणे प्रगतीचे, किंवा याच्या उलट, असा कोणताही क्रम त्यात दिसत नाही. फितीच्या काळी स्मृती वाचली आणि प्रश्नाचे स्वातंत्र्य गेले. कॉड यांनी ते स्वातंत्र्य परत दिले आणि उत्तराला संचाचे वजन आले. कर्सरने ते वजन वाटून टाकले, पण सर्व्हरला थांबावयास लावले. तुकड्यांनी थांबणे कमी केले, आणि लहान क्वेऱ्यांनी ते संपवताना एकाच क्षणाचे चित्र गमावले.

संशोधकाच्या दृष्टीने यातून निघणारे तात्पर्य साधे आहे. मोठ्या उत्तराची मागणी करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवल्या पाहिजेत : ओळी एकमेकींविना वापरता येतील काय, प्रत्येक ओळीवर किती वेळ जाणार, आणि संग्रह मध्यंतरी बदलणार आहे काय. ओळी स्वतंत्र असतील आणि काम जलद असेल तर प्रवाही क्वेरी योग्य. काम दीर्घ असेल तर ओळी आधी त्वरेने उचलून स्वतःच्या तबकडीवर उतरवून घ्याव्यात आणि मग सावकाश विश्लेषण करावे. सर्व्हरला सत्तावीस तास तिष्ठत ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि कोणतीही प्रवाही मोजणी, प्रवाह शेवटपर्यंत पोचला याची खात्री झाल्याशिवाय निष्कर्ष म्हणून मांडू नये.

याही आधीचा एक प्रश्न उरतोच : एक कोटी ओळी खरोखर हव्या आहेत काय? वारंवारता हवी असेल तर सर्व वाक्ये यंत्राबाहेर आणण्याचे कारण नाही. मोजणी सर्व्हरवरच करवून घेता येते आणि उत्तरात काही ओळीच येतात. हॉलरिथ यांच्या यंत्राने १८९० साली नेमके हेच केले होते. कार्डे येत होती आणि जात होती. तबकडीवर राहत होता तो फक्त हवा असलेला अंक.